आक्काच्या पैशाला लागलेलं कुलूप

हेज फंड म्हणजे काय, असं मला आता कोणी विचारलं की आधी थकवा येतो. पोस्टासमोर, लग्नात, अगदी दहाव्याच्या मांडवातसुद्धा लोक विचारतात, कारण आमच्या घरचे पैसे तिथे अडकले होते ही बातमी अख्ख्या बदनापुरात पोचली आहे. मी समजावून सांगतो, ते मान हलवतात आणि शेवटी विचारतात, "पर फसवलं कोणी?" कोणीच नाही, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

मी तीस वर्षं अंकुशनगरला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी केली. उसाची गाडी भरलेली तोलायची, रिकामी तोलायची, वजाबाकी करायची. या नोकरीने मला दोन खोडी लावल्या. पहिली म्हणजे आकडा दिसला की तो आपल्याला कळलाच असं वाटायचं. दुसरी रांगेची. यार्डात गाड्या दोन-दोन दिवस उभ्या असायच्या, पण कोणाच्या घरी मयत झाली किंवा कोणाचा बैल बसला, की तो येऊन सांगायचा आणि आम्ही त्याची गाडी पुढे घ्यायचो. मागचे कुरकुर करत, पण अडवत नसत. आमच्या भिशीतही तसंच. चिठ्ठी कोणाचीही निघो, ज्याला नड आहे त्याने तोंड उघडलं की रक्कम आधी त्याला. जगात सगळीकडे असंच चालतं, हे मी न तपासता धरून चाललो होतो.

मी निवृत्त झालो त्याच वर्षी आमची वडिलोपार्जित जमीन नव्या रस्त्यात गेली. मोबदला तिघांना मिळाला: मला, धाकट्या भावाला आणि मोठ्या बहिणीला, म्हणजे आक्काला. आमच्याकडे बहिणी सहसा सही करून हक्क सोडून देतात. आम्ही तिला ती सही मागितली नाही. एवढं एक काम आमच्या हातून नीट झालं. दाजी जाऊन बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. ती जालन्यात मस्तगडला दीड खोलीत भाड्याने राहायची, ब्लाउज शिवायची आणि कोणापुढे हात पसरायची नाही. उलट मोबदल्यातले काही पैसे तिने आपणहून माझ्या मुलाच्या शिक्षणाला दिले होते.

माझ्या मेहुण्याचा मुलगा पुण्यात पैसेवाल्यांचे पैसे गुंतवून देण्याच्या नोकरीत आहे. तो म्हणाला, "काका, एफडीत काय ठेवता? हेज फंडात टाका. हे लोक बाजार पडला तरी कमावतात." फक्त अट अशी, की कमीत कमी एक कोटी लागतं. माझे निवृत्तीचे धरून साठ लाख होते. ट्रॅक्टर घेऊन धाकट्याकडे बावीस उरले होते. कमी पडले अठरा, आणि आक्काकडे नेमके तेवढेच होते. आम्ही भिशीसारखी गोळाबेरीज केली आणि सगळं माझ्या एकट्याच्या नावावर भरलं. फॉर्मवर पैसे माझेच आहेत असं लिहिलं. खरं काय ते मेहुण्याच्या मुलालाही सांगितलं नाही. घरातल्या घरात काय सांगायचं, असं वाटलं.

आक्काला समजवायला मी मस्तगडला गेलो होतो. ती ब्लाउजाला काजं करत बसली होती.

"समज, मोसंबीचा भाव उतरणार असं मला वाटून राह्यलं," मी म्हणालो. "पर माझ्याकडं बाग न्हाई. मी तुझ्याकडून दहा क्विंटल उसनी घेतली अन् आज महाग विकली. भाव उतरला की स्वस्तात घेऊन तुझी तुला परत. मधला फायदा माझा. हे लोक शेअरचं असं करतात."

"अन् भाव चढला मंग?"

"मंग महागात घेऊन द्यावी लागंल."

"किती महागात?"

"चढंल तितक्या."

"म्हंजी उतरून उतरून भाव फुकटापर्यंत जाईल, पर चढायला काही हद्द न्हाई," ती दोरा तोडत म्हणाली.

मी हसलो. म्हणालो, म्हणूनच तर तिथे शहाणी माणसं बसवली आहेत. एक शेअर असा विकतात, तर दुसरा घेऊन ठेवतात. एकाचा मार दुसरा झेलतो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुला कळलंय ना? मंग बराबर हाय." लगेच चेकवर सही केली. चौथी शिकलेल्या बाईने दोन प्रश्नांत जे पकडलं, ते मी चाळीस पानांच्या कागदात शोधायला गेलो नाही.

कागदात सगळं होतं. ते लोक आपल्या पैशावर आणखी पैसे उसने उचलतात, त्यामुळे नफा वाढतो तसा तोटाही त्याच पटीने वाढतो. त्यांची फी दर वर्षी कापली जाते, फायदा होवो न होवो. फायदा झाला तर त्यातही त्यांचा वाटा असतो, तोटा मात्र सगळा आपला. तीन वर्षं पैसे काढता येणार नाहीत, आणि त्यानंतरही सगळ्यांनी एकदम मागितले तर थोडे थोडे मिळतील. भरलेली गाडी मी तोलली, रिकामी तोललीच नाही. माझ्या हाताखालच्या कोणी असं केलं असतं तर मी त्याला काट्यावरून हाकललं असतं. तीन वर्षांचं कलम ऐकून तर मी चक्क मान डोलावली होती. मनात म्हटलं, नड आली तर सांगू.

पहिलं वर्ष छान गेलं. धाकटा मोबाइलवरचा आकडा गावभर दाखवत फिरला. दुसऱ्या वर्षी फंडाने जे शेअर घेतले होते ते पडले आणि जे उसने घेऊन विकले होते ते चढले. दोन्हीकडून मार. आणि त्याच सुमारास आक्काचा घरमालक घर विकायला निघाला.

म्हातारा भला माणूस होता. दुसऱ्या कोणाला सांगायच्या आधी त्याने आक्काला सांगितलं, आणि भावही तिच्या अठरा लाखांत बसेल असाच लावला. "होळीपर्यंत थांबतो," म्हणाला. आक्का स्वतः बसने बदनापूरला आली. इतकी खूश मी तिला कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती. "भाऊ, माझे पैसे काढून दे. आपलं घर व्हायची वेळ यायची व्हती, ती आली बघ."

मी पुण्याला गेलो. मेहुण्याच्या मुलाने हात वर केले, तेव्हा थेट फंडाच्या ऑफिसात जाऊन बसलो. समोरच्या मुलीला सगळं सांगितलं, विधवा बहीण, शिलाई, भाड्याची खोली, होळीची मुदत. तिने मध्ये एकदाही न तोडता ऐकून घेतलं, पाणी दिलं. मग म्हणाली, "सर, एकाला दिले तर बाकीच्यांवर अन्याय होतो. आणि आमच्याकडे तर पैसे तुमचेच आहेत असं लिहिलंय. बहीण कुठेच नाही." मला तिचा फार राग आला. राग यायला कारण नव्हतं, म्हणून जास्तच आला.

बाहेरून जमवायचा प्रयत्न केला. पण माझं सगळं त्याच फंडात होतं, धाकट्याकडे पोटापाण्यापुरतं उरलेलं रान आणि ट्रॅक्टर सोडून काही नव्हतं, आणि शिलाई करणाऱ्या साठी ओलांडलेल्या बाईला बँक घरासाठी पैसे देत नाही. म्हातारा होळीपर्यंत थांबला. पाडव्यापर्यंतही थांबला. मग शेजारच्या कापडवाल्याने घर घेतलं आणि आक्काचं सामान आम्ही टेम्पोत घालून बदनापूरला, आमच्या मागच्या खोलीत आणलं. सामान थोडंच होतं, एका खेपेत झालं.

तीन वर्षं भरली तेव्हा पैसे आले, तीन हप्त्यांत. तिसऱ्या वर्षी फंड सावरला, म्हणून भरले होते त्याहून थोडे जास्तच. फंडाने लिहिलं होतं तसंच सगळं केलं. धाकटा म्हणाला, "चला, सुटलो." आक्काच्या पैशात मात्र मस्तगडला आता तसं घर येत नव्हतं. तिने ते पोस्टात ठेवले. मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं, आणि हे तिला ठाऊक असावं.

ती आमच्याकडे येऊन दीड वर्ष होत आलं. परवा दुपारी ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. एका हातात दाजींचा फोटो, दुसऱ्या मुठीत काहीतरी. म्हणाली, "भाऊ, मागच्या खोलीत एक खिळा ठोकू का?"

मला आधी कळलंच नाही. मग मागच्या खोलीत जाऊन पाहिलं. कपाटाच्या बाजूला, जमिनीवर, फोटोच्या फ्रेमने भिंतीवर एक रेघ उमटवली होती. दीड वर्षं दाजी तिथे भिंतीला टेकून उभे होते.

"आक्का, विचारतीस काय?" मी म्हणालो. माझा आवाज चढला. "घर तुझंच हाय ना."

"न्हाई, तसं न्हाई," ती समजूत काढल्यासारखी म्हणाली. "दुसऱ्याच्या भिंतीला विचारल्याबिगर भोक पाडू नये."