चाळणीची भिंत आणि वस्तीची विहीर

"ही भिंत आहे का चाळणी?" डेप्युटी इंजिनिअर साहेबांनी विचारलं.

नमुन्याच्या ठोकळ्यावर मी नुकतंच बादलीभर पाणी ओतलं होतं. ते वरून आत गेलं आणि खालून वाहून गेलं.

"चाळणीच आहे साहेब. तेच पाहिजे."

महाराष्ट्र राज्य नुकतं झालं होतं. मी बांधकाम खात्यात ओव्हरसीअर होतो, चिखली तालुक्यात. उंद्रीच्या पलीकडे एका गावाचा काठ नदी खात होती. आधीची पक्की काँक्रीटची भिंत एका पुरातच आडवी झाली होती. लोक म्हणत, पुराने पाडली. खरं म्हणजे पूर ओसरल्यावर ती पडली. काळी माती पाणी पिऊन फुगते. नदी उतरली तरी काठातलं पाणी आतच राहतं, त्याला वाट मिळत नाही, आणि ते भिंतीला मागून ढकलतं.

मी सुचवलं ते नो-फाइन्स काँक्रीट. त्यात वाळू घालत नाहीत. नुसती गिट्टी आणि सिमेंट. मुरमुऱ्याच्या लाडवात गूळ दाण्याला दाणा धरून ठेवतो आणि मध्ये फटी राहतात, तसं. काठातलं पाणी त्या फटींतून निघून जातं. भिंतीमागे वाळू-खडीचा जाड थर द्यायचा, म्हणजे माती फटींत बसत नाही. पुढे वरच्या फटींत हराळी रुजते आणि काठ पुन्हा काठासारखा दिसतो.

साहेबांनी मान्य केलं. भांडण झालं ते लांबीवरून.

अशा भिंतीचं टोक पक्क्या जागी गाडावं लागतं. नाहीतर नदी टोकाला वळसा घालून मागे शिरते. पक्की जागा, म्हणजे खडक, गावाच्या खालच्या अंगाला होती. गाव आणि खडक यांच्यामध्ये बौद्ध वस्ती होती, आणि काठालाच त्यांची विहीर. माझी आखणी खडकापर्यंत होती. मंजुरी आली ती गावठाणाच्या हद्दीपर्यंत.

"साहेब, इथे थांबलो तर विहीर जाईल."

"विहीर गावठाणात आहे का?"

"नाही."

"मग झालं. मंजुरी गावठाणाची आहे."

वस्तीतले पुंजाजी रोज कामावर येऊन बसत. साठीचा माणूस, कमी बोलणारा. ज्या दिवशी आम्ही शेवटचा साचा लावला, त्या दिवशी ते उठून जवळ आले.

"इथं काऊन थांबून राह्यले सायेब?"

मी मंजुरीचं सांगितलं. त्यांनी विहिरीकडे हात केला.

"गावच्या विहिरीवर आमाले पोहरा टाकू देत नव्हते. बाया घागर घेऊन उभ्या राहत. कोणाले दया आली तर वरून वतत. नागपूरहून दीक्षा घेऊन आलो अन् आमी ही खणली. सुरुंगाले पैसा नव्हता. खाली खडक लागला, तो पहारीनं फोडला."

मी म्हटलं, "पुढच्या भिंतीसाठी गिट्टी फोडून द्याल का? मी साहेबांना पुन्हा विचारतो."

त्यांनी गिट्टी फोडली. अख्खी वस्ती फोडत होती, बायासुद्धा. पण सिमेंट तेव्हा परमिटवर मिळे. साहेब म्हणाले, उरलेलं सिमेंट गोदामात जमा करा, मंजुरीबाहेर पाटीभरही लागता कामा नये. गावातर्फे मागणी करा म्हणून मी सरपंचांकडे गेलो. भला माणूस. चहा दिला. म्हणाले, "आमचं काई म्हणणं नाही. पण वरून मंजुरी नसली तर आमी काय करावं?"

शेवटी वस्तीतल्या लोकांनी आणि मी भिंतीच्या टोकापुढे दगड रचले. सिमेंटशिवाय. ते टिकणार नाहीत हे मला माहीत होतं. बहुतेक पुंजाजींनाही होतं.

भर पावसाळ्यात पूर आला. उतरल्यावर मी पोचलो तेव्हा भिंतीच्या फटींतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. तडा कुठेच नव्हता. मी जे जे सांगितलं होतं ते सगळं बरोबर निघालं होतं.

भिंत संपते तिथून नदी आत वळली होती. आमचे दगड दिसत नव्हते. विहिरीचा अर्धा बांधीव घेर नदीत पडला होता आणि उरलेल्या अर्ध्यात गाळ भरला होता.

पुंजाजी तिथेच उभे होते.

"भिंत टिकली, सायेब," ते म्हणाले.

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

साहेब पाहणीला आले. भिंतीसमोर फोटो काढला, माझी पाठ थोपटली. विहिरीसाठी म्हणाले, "वेगळा प्रस्ताव पाठवा." मी पाठवला. पुन्हा पाठवला. मग माझी देऊळगाव राजाला बदली झाली.

निघायच्या आधी गावच्या विहिरीजवळून गेलो. वस्तीतल्या तीन बाया घागरी घेऊन थोड्या दूर उभ्या होत्या. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा केव्हाच झाला होता. काठावर पाणी शेंदणाऱ्या बाईचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. मी सरपंचांना गाठून सांगितलं. "होईल हळूहळू," ते म्हणाले. पुंजाजींचा निरोप घ्यायला गेलो नाही.

पुढे कितीतरी वर्षं खात्यातले नवे इंजिनिअर ती भिंत बघायला जात. नमुनेदार काम म्हणून त्यांना दाखवत. कुणी मला विचारलं तर मी एवढंच सांगे: काठ जिथे धरता तिथे नदी थांबते; जिथे सोडता तिथे ती जाते. म्हणून भिंत किती चांगली आहे हे नंतर बघा. आधी ती कोणाच्या दारापाशी संपते ते विचारा.