मळखाऊ रंगाची सॅक

जंगलात जायचं तर अंगावर तपकिरी नको आणि पांढरं तर मुळीच नको, असं आमच्या शेजारणीने मला तिच्या अंगणात बसवून बजावलं होतं. गोष्ट ऐंशीच्या दशकातली, अमेरिकेत जॉर्जियातल्या अल्फारेटाची. तेव्हा तिथे आजच्यासारखी ऑफिसं आणि इंडियन ग्रोसरीची दुकानं नव्हती. कुरणं होती, घोडे होते आणि आमच्या मागच्या कुंपणापलीकडे साठी उलटलेली, एकटी राहणारी ही बाई होती. थंडीच्या तोंडावर ती दरवर्षी हरणाच्या शिकारीला जायची. नागपूरला कॉलेजात असताना मी एनसीसीत रायफल शूटिंग करायचे, हे एकदा बोलता बोलता माझ्या तोंडून निघालं आणि तिने मला सोबत यायचं आमंत्रणच देऊन टाकलं.

पांढऱ्याचं कारण तिने हाताने करून दाखवलं. तिथलं हरीण बिचकलं की शेपटी वर करतं आणि शेपटीची आतली बाजू पांढरीशुभ्र असते. झाडीत हरीण दिसतच नाही, दिसते ती फक्त हलणारी पांढरी शेपटी. तिचा सख्खा भाऊ असाच एकदा झाडीत उभा राहून खिशातल्या पांढऱ्या रुमालाने नाक पुसत होता. गोळी मांडीतून आरपार गेली. तो अजून लंगडतो. "काही लोक आधी चाप ओढतात आणि मग बघतात," ती म्हणाली. म्हणून प्रत्येकाने भडक नारिंगी जाकीट घालायचं आणि तशीच टोपी. मला ते पटलं. मला पटून उपयोग नव्हता, कारण माझ्याबरोबर माझा नवराही येणार होता.

त्यांना शिकारीशी काही देणंघेणं नव्हतं. अंडंसुद्धा न खाणारा माणूस. पण बायको बंदूक घेऊन रानात जाणार आणि आपण घरी बसून वाट बघणार, हे त्यांना सहन होईना. "मी येतो. सामान उचलायला कुणीतरी लागेलच," असं त्यांनी जाहीर केलं. दोर, सुरी, थर्मास, औषधाची पेटी, जेवण असं बरंच काही न्यायचं होतं. तेव्हा एक चांगली सॅक हवी होती. स्वस्त आणि टिकाऊ.

कॅम्पिंगच्या दुकानात मला हवी ती सॅक समोरच टांगलेली होती. झगझगीत नारिंगी, नायलॉनची, फुलासारखी हलकी. यांनी ती उतरवली, उलटी केली, शिवण नखाने उचकून पाहिली, चेन दहादा वरखाली केली आणि किमतीची चिठ्ठी वाचून परत टांगली.

"चेन आहे हिला. एकदा तुटली की सॅक गेली कामातून," ते म्हणाले. "आणि आवाज ऐक हिचा. पापडाच्या डब्यासारखी वाजते. हरणं काय बहिरी आहेत?"

"अहो, रंग बघा ना. लांबून दिसते."

"दिसते म्हणूनच. एका ट्रिपमध्ये कळकट होईल."

मग आम्ही सैन्याचं जुनं सामान विकणाऱ्या दुकानात गेलो. तिथे ढिगातून यांनी एक कॅनव्हासची सॅक ओढून काढली. मला आजही कबूल करावं लागतं, वस्तू म्हणून ती उत्तम होती. कापड जाड आणि मुकं, फांद्यांना घासलं तरी आवाज नाही. दुहेरी शिवण, खांद्यात रुतणार नाहीत असे रुंद पट्टे, चेनऐवजी पितळी बकलं. यांनी तीत दुकानातलीच लोखंडी भांडी भरली आणि पाठीवर घेऊन दोन फेऱ्या मारल्या. दुकानदार बघत राहिला. किंमतही नारिंगी सॅकच्या निम्म्याहून कमी. फक्त रंग तपकिरी होता, अगदी हरणाच्या पाठीसारखा.

"ही घ्यायची नाही," मी म्हणाले.

"अगं, मळखाऊ रंग आहे. वर्षानुवर्षं धुवायला नको."

मळखाऊ! आपल्याकडे शाळेच्या दप्तरापासून सोफ्याच्या कव्हरापर्यंत सगळं याच एका शब्दावर घेतलं जातं. मी भर दुकानात चिडले. सांगितलं, की तुमचं नारिंगी जाकीट समोरून दिसेल, पण पाठीवर ही सॅक आली की मागून तुम्ही माणूस दिसणारच नाही, हरीण दिसाल. शेजारणीच्या भावाचंही सांगितलं. ते म्हणाले, "यार, तू फार टेन्शन घेतेस. मी गाडीपाशीच तर बसणार आहे." पालथ्या घड्यावर पाणी. सॅक विकत घेतली गेली.

पण मीही हट्टी. कपाटात ओटीत आलेल्या ब्लाउजपिसांचा गठ्ठा होता. प्रत्येक मराठी घरात असतो तसा, इकडून आलेला तिकडे देण्यासाठी जपलेला. त्यात एक इतका भडक नारिंगी होता, की तो कुणाच्या ओटीत घालायची मला लाज वाटायची. तो दुहेरी करून मी सॅकच्या पाठीवर चारही बाजूंनी शिवला. कॅनव्हासमधून सुई जाता जाईना, अंगठा सोलवटला. यांनी ते बघितलं आणि हसले. "आता ही सॅक हळदीकुंकवाला न्यायला हरकत नाही," म्हणाले. मला हसू आलं नाही. शेवटची गाठ मी दोनदा मारली.

शिकारीच्या दिवशी उजाडण्याआधीच आम्ही शेजारणीच्या ट्रकमधून निघालो. तिने यांना ट्रकपाशी थांबायला सांगितलं. ऊन वर आलं की मागच्या रुंद वाटेने, मोठ्याने शीळ घालत मचाणाकडे या, खालच्या घळीतून येऊ नका, कारण ओढ्यापलीकडची जमीन दुसऱ्याची आहे आणि तिथेही शिकारी असतात. यांनी मान डोलावली. घरीही ते अशीच मान डोलावतात आणि करायचं तेच करतात, हे तिला कुठून माहीत असणार?

मचाण म्हणजे झाडाला ठोकलेल्या चार फळ्या. तिथे आम्ही दोघी बसलो. बोलायचं नाही, खोकायचं नाही, हलायचं नाही. तिने दिलेली रायफल माझ्या मांडीवर आडवी होती, पण माझं लक्ष हरणात नव्हतं. ओढ्यापलीकडून मधूनच बंदुकीचा एखादा बार ऐकू यायचा आणि दर बाराला मी दचकायचे. तिकडच्याच, समोरच्या उतारावर एक नारिंगी टोपी दिसत होती. कुणी अनोळखी माणूस. हाक पोचेल इतक्या अंतरावर, चेहरा मात्र दिसत नव्हता. ती टोपी हलत नव्हती तोवर मला बरं वाटत होतं.

मग ती हलली. हळूच उभी राहिली, झाडाच्या खोडाला टेकली आणि आमच्या खालच्या घळीकडे वळली. शेजारणीने माझ्या गुडघ्याला बोट लावलं आणि खाली दाखवलं. झुडपांमागून काहीतरी तपकिरी वाकून चाललं होतं आणि त्याच्यावर पांढरं काहीतरी फडफडत होतं. थांबत होतं, पुन्हा फडफडत होतं. अगदी तिने हाताने दाखवलं होतं तसं. वाटलं, हेच ते हरीण. मी तिची दुर्बीण उचलून डोळ्यांना लावली.

त्या पांढऱ्याला लाल काठ होता.

क्षणभर मला काही कळलंच नाही. मग सगळं एकदम कळलं. अंघोळ केल्याशिवाय हा माणूस तोंडात घास घालत नाही. पहाटे निघताना अंघोळ राहिली होती, म्हणून त्यांनी साबण आणि पंचा सॅकमध्ये घातला होता. त्या गारठ्यात ओढ्यावर जाऊन त्यांनी अंघोळ केली होती आणि केस ओले म्हणून टोपी खिशात कोंबली होती. ओला पंचा चालता चालता वाळावा म्हणून सॅकच्या पट्ट्यात खोचून पाठीवर सोडला होता, बरोबर माझ्या ब्लाउजपिसावर. आणि ओढ्यावरून जवळ पडते म्हणून घळीच्याच वाटेने वर येत होते.

पलीकडच्या माणसाची बंदूक खांद्याला लागलेली होती.

"अहो!" मी ओरडले. शेजारीण दचकून माझ्याकडे बघायला लागली. "अहो, थांबा!"

ते थांबले नाहीत. कसे थांबतील? घरात दिवसभर 'अहो' चालू असतं. अहो चहा, अहो फोन, अहो नळ. त्या हाकेला कानाडोळा करायची त्यांना सवयच झालेली. लाल काठाचं पांढरं फडकं डुलत डुलत वर येत राहिलं. शेजारीण इंग्रजीत ओरडत होती, पण वारा आमच्या तोंडावरच येत होता. पलीकडच्या माणसाची मान बंदुकीवर आणखी खाली गेली.

मी उठून उभी राहिले आणि त्यांच्या नावाने हाक मारली. नुसतं नाव. पुढे राव नाही, मागे अहो नाही. पोटातून, जीव खाऊन, पुन्हा एकदा.

ते जागच्या जागी खिळले. मग हाक कुठून आली ते न कळून जागीच गोल फिरले. जाकिटाची नारिंगी छाती घळीत अशी उजळली, की आंधळ्यालाही दिसावी. पलीकडची बंदूक खाली आली. तो माणूस उभ्याचा मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून तसाच बसून राहिला. शेजारणीने रायफल माझ्या हातातून काढून घेतली नसती तर ती खालीच पडली असती.

मी मचाणावरून कशी उतरले ते आठवत नाही. काट्याकुट्यांतून धावत त्यांच्यापाशी पोचले आणि सॅकवर, पंच्यावर, त्यांच्या पाठीवर दोन्ही हातांनी मारत सुटले. "मूर्ख आहात तुम्ही! मूर्ख! मेला असतात!" मी रडत होते. ते गोंधळून गेले होते. "अगं, पोळ्या गार होत होत्या," ते म्हणाले. "तू उपाशी बसली असशील म्हणून आलो. मी पण नाही खाल्लं अजून." मग मी समोरच्या उतारावर बोट दाखवलं. त्या माणसाकडे त्यांनी बघितलं, त्याच्या मांडीवरच्या बंदुकीकडे बघितलं, आणि हात मागे नेऊन पंचा चाचपला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

त्या दिवशी हरीण मिळालं नाही आणि कुणाला हवंही नव्हतं. आम्ही ट्रकच्या मागच्या फळीवर बसून गार पोळ्या खाल्ल्या. शेजारणीने लोणचं चाटून पाहिलं आणि डोळे पुसले. लोणच्याने की कशाने, मी विचारलं नाही. मग ती गाडी सुरू करायला पुढे गेली.

ते बराच वेळ सॅक मांडीवर घेऊन, माझे टाके बोटाने चाचपत बसले होते. "तू माझं नाव घेतलंस," ते हळूच म्हणाले.

खरं होतं. लग्नात सगळ्यांनी वाट अडवली तेव्हा उखाण्यात घेतलं होतं, तेही लाजत, पायाच्या अंगठ्याकडे बघत. त्यानंतर आज.

"पुन्हा एकदा घे ना," ते म्हणाले.

"आधी तो पंचा आत ठेवा," मी म्हणाले.

त्यांनी पंचा घडी करून सॅकच्या तळाशी घातला आणि दोन्ही बकलं लावली. मग मी त्यांचं नाव घेतलं. ते लगेच "ओ" म्हणाले.