भट्टीचं दार

दुपारी वैशालीने स्टूल ओढलं आणि भट्टीच्या दाराकडे पाठ करून ती वाचत बसली. ती माझी विद्यार्थिनी. आमच्या प्रयोगशाळेत सौरघटासाठी काचेवर अतिसूक्ष्म कणांचा काळा थर चढवतात आणि मग ती काच भट्टीत तापवतात. आच कमी पडली तर कण सुटे राहतात, वीज मधल्या फटींत अडते. जास्त झाली तर थराला भोकं पडतात.

भट्टीवरचा लाल आकडा मघापासून जागचा हलला नव्हता. मला नेमका त्याचाच संशय येतो. तो आकडा तापमापकाच्या टोकाचा, काचेचा नव्हे. ‘कसे आहात?’ विचारलं की लगेच ‘मजेत’ म्हणणारी माणसं असतात, तसा. एखाद्या कोपऱ्यात खरंच मजा असेलही; बाकीच्या घरात काय करपतंय, ते कोण सांगणार?

“जरासं उघडून बघू या का?” मी म्हणालो.

“नको सर. गार हवा लागली की थर तडकतो. पूर्ण निवल्याशिवाय दार उघडायचं नाही, तुम्हीच शिकवलंय.”

शिकवलंय खरं. पण आतलं काही न बघता माणसाने विश्वास ठेवायचा तरी कशावर?

थोड्या वेळाने मी पाणी प्यायला उठलो. वैशालीने पुस्तकातून मान वर केली आणि स्टूल आणखी मागे, दाराच्या जवळ सरकवलं. पाठीला धग लागत असणार, तरी ती तिथून उठली नाही. इतका वेळ मी भट्टीवर नजर ठेवून होतो, आणि ती माझ्यावर.