शटर नसलेलं भोक

सध्या माझं पोस्टिंग पुंगोल, सिंगापूर. चौदावा मजला, मुलगी ऋचा आणि जावई अमेयराव यांचा फ्लॅट. सकाळी सहाला चालायला बाहेर पडतो, सातला घामाने भिजून परत येतो. उरलेला दिवस जावयाचं कौतुक ऐकण्यात जातो.

अमेयराव बर्फाळ भागासाठी घरं बनवतात, तीही या उकाड्यात बसून. त्यांच्या लॅबमध्ये एक मोठी कोल्ड रूम आहे आणि तिच्यात त्यांचं शेल्टर उभं आहे. भिंती दिवसा ऊन साठवतात आणि रात्री ती ऊब आत सोडतात. शेकायला बुखारीची शेगडी नको, रॉकेल नको. एका शनिवारी ते मला आणि ऋचाला तिथे घेऊन गेले. भिंती उन्हाऐवजी मोठ्या दिव्यांवर तापवलेल्या; बाहेर उणे वीस होतं आणि आत मी स्वेटर काढून बसलो. माझा नुसता जळफळाट झाला. ज्याने बर्फ फक्त फ्रीजमध्ये पाहिला त्याने हे करावं? आणि माझ्या मुलीने लहानपणी माझ्याकडे बघायची तसं आता त्याच्याकडे बघावं?

"बाबा, काही खोट असेल तर सांगा," अमेयराव म्हणाले. "सोमवारी डिझाइन फायनल आहे."

खोट मला शिरतानाच दिसली होती. भिंतीत हवेसाठी एक भोक होतं आणि त्याला आतून बंद करायचं शटर होतं. बोललो असतो तर सगळंच बोलावं लागलं असतं.

पूर्वी मी फौजेत हवालदार होतो, उत्तरेतल्या एका बर्फाळ पोस्टचा कमांडर. पत्र्याची झोपडी आणि आत रॉकेलची बुखारी. भिंतीतल्या भोकाला आम्ही 'चोर' म्हणायचो, कारण ते ऊब चोरायचं. चोर उघडा ठेवायचा, नाहीतर बुखारीचा विषारी वायू आत कोंडतो, अशी स्टँडिंग ऑर्डर होती. तरी जवान त्यात पोतं कोंबायचे. त्याला म्हणायचं 'चोर पकडला'. मी ओरडून ते काढायला लावायचो.

त्या हिवाळ्यात शेजारच्या पोस्टला ट्रायलसाठी नवी फायबरची झोपडी मिळाली. तिथला हवालदार माझ्याच बॅचचा. रोज सकाळी सातला तो रेडिओवर आतलं तापमान कळवायचा.

"आत प्लस बारा. तुमच्याकडे किती? ओव्हर."

"प्लस चार. ओव्हर."

"अरेरे! आउट."

ते 'अरेरे' मला झोंबलं.

तिसऱ्या दिवशी साडेपाचला आम्ही स्टँड-टूसाठी, म्हणजे पहाटे हत्यारं घेऊन मोर्च्यावर सज्ज राहायला, बाहेर पडलो. लान्स नाईक बबन खरात सेंट्री ड्युटी करून नुकताच आला होता. त्याला झोपू दिलं. जाताना मी बुखारी मोठी केली आणि माझ्या हाताने चोर पकडला. सातला मला तेरा सांगायचं होतं.

सहा पन्नासला आत आलो. आधी थर्मामीटर पाहिला. प्लस चौदा. मग बबनला हाक मारली. त्याचे गाल लालबुंद होते. तो उठला नाही. त्याला ओढत बाहेर काढलं, छाती दाबली, तोंडाने श्वास दिला. सातला रेडिओ वाजला.

"आत किती? ओव्हर."

"कॅज्युअल्टी एक. डॉक्टर पाठवा. ओव्हर."

साहेब यायच्या आत मी पोतं जाळलं. रिपोर्टमध्ये बुखारीची चिमणी नादुरुस्त असल्याचं आलं. बबनच्या आईलाही मी तेच सांगितलं.

"बाबा?" शेल्टरमध्ये अमेयरावांनी पुन्हा विचारलं.

"शटर काढून टाका."

"त्याने चार अंश ऊब जाईल. आणि यात बुखारीच नाही."

"बर्फ वितळवायला पोरं स्टोव्ह आत आणणारच. आणि शटर दिलंत तर बंद करणारच."

"ऑर्डर असताना कोण बंद करेल?"

"मी केलं होतं," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं. ऋचा खाली बघत राहिली. अमेयरावांनी शटरच्या चार स्क्रूंवर लाल खुणा केल्या आणि भोकावर पक्की जाळी बसवायचं वहीत लिहिलं. कसलाही उपदेश केला नाही. त्याचाही मला हेवा वाटला.

घरी आल्यावर मी बबनच्या गावी फोन लावला. दरवर्षी तो गेला त्या दिवशी लावतो. आईच आली फोनवर.

"हवालदारसाहेब? आज कसा काय फोन केला? आज बबनचा दिवस न्हाई."

"नाही, आई," मी म्हणालो. "चिमणी चांगली होती."