खिंडीतला टपालाचा डबा

मी आजवर मोर्च्यांना, धरण्यांना आणि तहसीलच्या पायऱ्यांवर नाना प्रकारची माणसं उभी केली आहेत. पण राहुलच्या मोठेबाबांइतका बिनकामाचा साक्षीदार अख्ख्या वाशिम जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. राहुल माझा मित्र, हे त्याच्या वडिलांचे थोरले भाऊ. तीस वर्षं पोस्टमन होते. रिसोड तालुक्यातल्या आमच्या गावातून डोंगर चढायचा, खिंड ओलांडून पलीकडच्या तांड्यावर टपाल द्यायचं आणि परत यायचं, ही नोकरी. आता निवृत्त झालेत, गुडघे कुरकुरतात, पण डोंगर सुटलेला नाही. आणि रिकाम्या हातानं तर ते चढतच नाहीत. तांड्यावरच्या कुणासाठी तरी काहीतरी न्यायचंच: सुईदोरा, म्हशीचं औषध, एकदा तर नुसता निरोप, जो विसरू नये म्हणून ते चढभर मोठ्यानं घोकत होते. मी त्यांना आमच्या संघटनेचं पहिलं पत्रक दिलं, ‘नागरिकहो, जागे व्हा!’ त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, “बाई, हे कोणाले लिवलं? याच्यावर पत्ताच नाई.” मी म्हटलं, सगळ्यांसाठी आहे. “मंग कोणालेच भेटत नाई,” असं म्हणून त्यांनी ते घडी करून मला परत दिलं. गठ्ठाभर छापून आणली होती हो मी!

तर हा माणूस मला हवा होता, कारण डोंगराच्या पायथ्याशी एका मुरूमवाल्या ठेकेदारानं तारेचं कुंपण घातलं होतं आणि वर तोंड करून सांगत होता, की इथून वाट कधी नव्हतीच. तांड्यावरच्या पोरींनी शाळेसाठी अख्ख्या डोंगराला डांबरी रस्त्यानं वळसा घालायचा, कारण याला मुरूम काढायचा आहे! तहसीलदारांसमोर सुनावणी होती. वाट होती आणि माणसं चालत होती, हे छातीठोक सांगणारा कुणीतरी पाहिजे होता. म्हणून एका रविवारी मी, राहुल आणि मोबाईलवर चित्रीकरण करायला संघटनेतली वैशाली, असे आम्ही मोठेबाबांना घेऊन डोंगरावर निघालो. मोठेबाबांनी बोट दाखवत जायचं, वैशालीनं टिपत जायचं, दुपारच्या आत खाली. माझं सगळं नियोजन कागदावर होतं.

मोठेबाबांना कागद माहीत नव्हता. कुंपणाच्या टोकाला काट्याकुट्यांतून कसाबसा वळसा घालून नाल्यातून वर चढलो, तोवरच ते चारदा थांबले. एक वारूळ गेल्या खेपेपेक्षा किती वाढलं ते काठीनं मोजलं. एका दगडाखाली कोण राहतं ते पाहिलं, आणि जो कुणी होता त्याच्यावर दगड पुन्हा हळूच ठेवला. प्रत्येक झाडाला त्यांच्याकडे पत्ता आहे: धावडा, मुक्काम दुसरा चढ, टेंभुर्णी, काळ्या दगडाजवळ. वैशालीचा फोन पावलं मोजतो हे कळल्यावर तर कहर झाला. “तू चढून राह्यली का नुसताच हात हालवून राह्यली, हे याले कसं समजते?” असं विचारून त्यांनी फोन घेतला आणि दगडावर बसून हात हलवत राहिले. फोननं पावलं मोजली. “लबाड हाये लेकाचा!” ते खूश होऊन म्हणाले. राहुल हसून लोळायचा बाकी होता. मी घड्याळ बघत होते.

शेवटी मी म्हटलं, “मोठेबाबा, तुमची रोजची वाट तेवढी दाखवा.”

“रोजची? रोज एकाच वाटेनं गेलो असतो तं तीस वर्सं कशे निंगाले असते? कदी नाल्यातून, कदी पळसाकून, कदी मांगच्या अंगानं. तिकडे काय हाये, ते पाहाले नोको?”

माझ्या पायाखालचा मुरूम सरकला. “तहसीलदारांसमोर फक्त एक वाट सांगा. कोणतीही. तुम्ही चाललाच आहात ना? त्यात खोटं काय?”

“दुसऱ्याच्या नावाचं पत्र म्या कदी कोणाच्या हाती देल्लं नाई बाई. आता सायबाच्या हाती देऊ?”

मी खिंडीपर्यंत रागारागानं पुढे चालत राहिले. खिंडीत आल्यावर ते तडक एका जुन्या सालईच्या झाडापाशी गेले आणि बुंध्याला बांधलेल्या गंजक्या तेलाच्या डब्यात हात घातला. “काई आलं का पाह्यतो,” म्हणाले. पावसाळ्यात पलीकडचा नाला भरला, की ते टपाल या डब्यात ठेवत. पाणी उतरल्यावर तांड्यावरचं कुणीतरी येऊन ते नेई आणि जायची पत्रं ठेवून जाई. डबा रिकामा होता. पण तो ज्या तारेनं बांधला होता, ती तार झाडानं गिळली होती. एका बाजूनं सालीत शिरत होती आणि वीतभर खोडाच्या पोटातून जाऊन दुसऱ्या बाजूनं बाहेर येत होती. मी ती बोटानं चाचपत राहिले.

“मोठेबाबा, हे आधी का नाही सांगितलं?”

“तू वाट इचारत होती. डबा कुटं इचारला?”

सुनावणीत त्यांनी खरं तेच सांगितलं, की ठरलेली अशी एक वाट नव्हती. मी डोक्याला हात लावला. मग त्यांनी खिंड सांगितली, डबा सांगितला. तहसीलदार स्वतः पाहणीला आले, घामाघूम झाले, त्यांनी सालीत शिरलेल्या तारेवर बोट ठेवलं. यातून काय सिद्ध होतं, असं ठेकेदाराच्या माणसानं विचारलं, तेव्हा साहेब म्हणाले, “इतकी वर्षं टपाल काय उडत येत होतं?”

कुंपण काढायचा आदेश मागच्या आठवड्यात निघाला. फोन करता आला असता. त्याऐवजी मी आदेशाची प्रत पाकिटात घातली, त्यावर ‘मोठेबाबा, मुक्काम खिंड’ असा पत्ता लिहिला आणि रविवारी पुढे जाऊन डब्यात ठेवली. ते मागून गुडघे धरत आले, सवयीनं हात घातला आणि हात आतच राहिला. पाकीट बाहेर काढून त्यांनी पत्ता दोनदा वाचला. मग आतला कागद सावकाश वाचला.

“तांड्यावर सांगतलं?”

“अजून नाही.”

“मंग बसली काहून? टपाल ठेवून घ्याचं नसते.”

पाकीट छातीशी धरून ते उतरायला लागले. मळलेल्या वाटेनं नाही. डावीकडच्या, गवत माजलेल्या अंगानं. “तिकून गेलो नाई म्या कदी,” एवढं मागे न बघता म्हणाले. दर चार पावलांवर थांबत होते. गुडघ्यांसाठी की काहीतरी दिसत होतं म्हणून, ते मला वरून कळेना. मी घड्याळ न बघता त्यांच्या मागून निघाले.