वहीतल्या तीन सह्या

काळेवाडीच्या भीमराज ओव्हाळांना चौदा महिन्यांत समुद्राचा कायदा शिकावा लागला. हौस नव्हती. मुलगा बुद्धरत्न जहाजावर फोर्थ इंजिनिअर. ते जहाज एका परक्या देशाने समुद्रात घाण तेल सोडलं म्हणून धरलं होतं. बंदरात नांगर टाकून उभं, वर एकवीस माणसं, पासपोर्ट पोलिसांच्या ताब्यात.

जहाजाचा मालक एका देशातला, नोंदणी आणि झेंडा दुसऱ्याच देशाचा. भांडायचा हक्क झेंड्याच्या देशाला. त्याने जर्मनीतल्या समुद्राच्या कोर्टात दावा लावला. सुनावणी मोबाइलवर दिसायची. भीमराज तीन तास मांडी न मोडता बसले. सून आम्रपाली इंग्रजी ऐकून मराठीत सांगत होती.

"बुद्धरत्नचं नाव घेतलं का गं?"

"नाही मामा. जहाज आणि त्यावरच्या व्यक्ती, एवढंच म्हणतायत."

"एवढी मोठी माणसं, झगे घालून. एक नाव घेता येईना?"

निकालाच्या आधीच मुंबईहून फोन आला. खलाशांच्या युनियनच्या वकील, प्राजक्ता मॅडम.

"काका, जहाज सुटलं. एकोणीस जण सुटले."

"आणि दोन?"

"चीफ इंजिनिअर आणि बुद्धरत्न. घाण तेलाचं काय केलं याची नोंद होते, त्या वहीत त्यांच्या सह्या आहेत."

"असा कसा निकाल दिला कोर्टानं?"

"निकालच नाही लागला. दोन्ही देशांनी आपसात मिटवलं, दावा मागे घेतला. जहाज जाईल, सह्या करणारे तिथल्या कोर्टात उभे राहतील, असं ठरलं."

"आणि आपला देश?"

"झेंडा आपला नव्हता, काका. दाव्यात आपण नव्हतोच. वकिलातीचा माणूस जाऊन भेटतो, औषधपाणी बघतो."

भीमराजांनी फोन पालथा ठेवला. ठरवताना बुद्धरत्नला कुणी विचारलं नव्हतं.

दोन दिवसांनी मुलगा मोबाइलवर दिसला. दाढी वाढलेली, मागे तिथल्या लॉजची हिरवी भिंत.

"पप्पा, तेल मी नाही सोडलं. सोडलं तेव्हा मी झोपलो होतो."

"मग सही कशी तुझी?"

"ओळी मोकळ्या होत्या. चीफ म्हणाला, तीन सह्या करून ठेव, मजकूर मी भरतो. केल्या. आपल्याकडं करायचो तशा."

आपल्याकडं.

चाकणच्या कारखान्यात, पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये ते एकतीस वर्षं होते. डाय बांधणं, सेटिंग, मोजमाप. शंभर पार्टमागे पाच मोजा असा नियम, ते दहा मोजत. त्यांनी पास केलेला पार्ट गिऱ्हाइकाकडून परत आला नाही. पण कागदाचा त्यांना तिटकारा. प्रत्येक प्रेसवर एक तक्ता लटकलेला असे. तेलाची पातळी, हवेचा दाब, हात वाचवणारा गार्ड. दर दोन तासांनी बघायचं आणि रकान्यात सही करायची. भीमराज बघायचे सगळं, सह्या मात्र शिफ्ट सुटताना एकदम ठोकायचे. पुढच्या शिफ्टचा माणूस बसमध्ये अडकला तर त्याचा पहिला रकानाही भरून टाकायचे. सगळेच तसं करत. डिप्लोमा झाल्यावर बुद्धरत्न दोन वर्षं त्यांच्याच हाताखाली होता. रकाना मोकळा सोडला म्हणून एकदा त्यांनी त्याला चारचौघांत झापलं होतं.

मॅडमना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "काका, हेच लिहून द्या. कोऱ्या ओळीवर सही करायची सवय त्याला कुठून लागली, ते. सही त्याची पण मजकूर त्याचा नाही, हे पटलं तर तेल सोडल्याचा आरोप ढिला पडेल."

"आणि खोट्या नोंदीचा?"

"तो राहील. त्याची शिक्षा कमी आहे. पण लायसन्स जाईल. इंजिनरूममध्ये परत कुणी घेणार नाही."

आणखी एक साक्षीदार मिळाला तर बरं, असं त्या म्हणाल्या. भीमराज दत्तोबाकडे चऱ्होलीला गेले. वीस वर्षं दोघं शेजारच्या प्रेसवर.

"येडा झाला का राव तू?" दत्तोबा म्हणाला. "दहा-दहा पार्ट मोजून आमची हाडं खिळखिळी केलीस. साहेबाशी मापाच्या गेजवरनं भांडलास. आता त्याच हातानं लिहून देतो, आमी खोटं भरायचो म्हणून?"

"खोटंच होतं ते."

"बघितलेलं असायचं की आपण!"

"आपण आपापल्या प्रेसवर बघायचो. बसमध्ये अडकलेल्याच्या रकान्यात काय बघितलं होतं, दत्तू?"

दत्तोबा हळूच म्हणाला, "माझा पोरगा प्रज्वल त्याच कंपनीत, त्याच लायनीवर हाय. मला न्हाई जमणार, भावा."

भीमराज उठले. त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी तेही हेच म्हणाले असते.

मॅडमनी मसुदा मराठीत पाठवला. त्यात होतं, "कधीकधी सह्या एकदम केल्या जात." भीमराजांनी पेन घेतलं. 'कधीकधी' खोडलं, वर 'रोज' लिहिलं. 'केल्या जात' खोडून 'मी करत असे' असं केलं. खाली आणखी एक ओळ घातली: मुलाला मीच शिकवलं.

आम्रपालीने वाचलं. "मामा, हे गेलं की ते परत जहाजावर जाणार नाहीत."

"नाही जाणार."

"आणि नाही पाठवलं तर?"

"तर तेल त्यानंच सोडलं."

तिने कागद परत दिला.

नोटरीने शिक्का मारायच्या आधी चष्म्यावरून बघितलं. "काका, हे तुमच्याच विरोधात आहे. वाचलंय ना?"

"लिहिलंय मीच."

कागद पोचायला आणि तिथल्या भाषेत उतरायला सहा आठवडे गेले. न्यायाधीशाने तो दाखल करून घेतला. बुद्धरत्नवरचा तेल सोडल्याचा आरोप गेला. खोट्या नोंदीचा राहिला, पासपोर्ट पोलिसांकडेच राहिला, तारीख पडली चार महिन्यांनंतरची. चीफच्या वकिलाने तोच कागद उचलला: बघा, या पोराला आधीपासूनच सवय, आमचा काय दोष?

त्या संध्याकाळी बुद्धरत्न पुन्हा मोबाइलवर दिसला. वकिलाने त्याला बापाचा कागद वाचून दाखवला होता.

"पप्पा, 'रोज' कशाला लिहिलं? 'कधीकधी' चाललं असतं."

"रोज होतं."

"इथं मी अडकलोय. तुम्ही तिथं बसून मोजमाप करताय."

लॉजच्या हिरव्या भिंतीवर पंख्याची सावली फिरत होती. बराच वेळ दोघांपैकी कुणीही फोन ठेवला नाही.