कवेलू फेरणारे सुखरामभाऊ

गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजारात, ज्यांचं जुनं घर मी पाहुण्यांना दाखवत असे ते पटले भेटले आणि वांगी निवडता निवडता म्हणाले, "सुखराम गेला जी सर. पंधरा दिस झाले." मला कोणी कळवलं नव्हतं. कळवावं असं मी तरी काय केलं होतं...

सुखरामभाऊ उन्हाळ्यात गावोगावची कवेलू, म्हणजे कौलं, फेरत. छपरावरचं एकेक कवेलू उतरवायचं, कचरा झाडायचा, फुटकं बदलायचं, पुन्हा रचायचं, दरवर्षी, पावसाआधी. गोंदियातली मास्तरकी संपल्यावर, २००४च्या सुमारास, मी नागपूरच्या हौशी मंडळींना इकडची जुनी घरं दाखवायला आणू लागलो, तेव्हा प्रत्येक दार त्यांनीच उघडून दिलं. कुठली तुळई सागाची, कुठली भिंत नंतरची, हे मला त्यांनी शिकवलं. मी ते माझंच म्हणून सांगत असे.

पटल्यांच्या घरी एकदा पंचवीस जणांसमोर मी रंगात आलो. "शंभर वर्षं या छपराला कोणी हात लावलेला नाही!" टाळ्या पडल्या. मागून सुखरामभाऊ म्हणाले, "काऊन जी सर, खोटं काऊन सांगता? दरसाली मीच त फेरतो." लोक हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्ही बसपाशी जाऊन बसा," मी म्हणालो, आणि ते खरंच गेले. त्यानंतरच्या सहलींना मी त्यांना बोलावलंच नाही.

खरी लाज पुढेच आहे. त्या दिवशी बाजारातून पटले मला घरी घेऊन गेले. ओसरीत ओल उतरलेली, तुळईला वाळवी. "दोन सालं झाले, फेरलं नाही," ते म्हणाले. "तुमी पाहुण्यायले सांगतलं न, हात नाही लागला म्हणून. मले वाटलं, तसंच ठेवाले लागते. सुखराम शिडी घेऊन आलता."

"मग? काय म्हणाले ते?"

"म्हणे, सर शिकलेले मानूस आहेत, त्यायलेच इचारा."

पटल्यांनी विचारलं होतं. फोन केला होता. आणि सगळं ठाऊक असून मी म्हणालो होतो, "राहू द्या, शेवाळलेलं छप्पर फोटोत छान दिसतं." सुखरामभाऊंवरचा राग मी त्या घरावर काढला.

गेल्या रविवारी नवी मंडळी आली. त्याच ओसरीत उभं राहून मी सांगितलं, हे छप्पर एक माणूस दरवर्षी फेरत होता, माझ्यामुळे ते थांबलं. एका बाईंनी वही काढून त्यांचं पूर्ण नाव विचारलं. इतकी वर्षं ज्यांच्या मागून मी घराघरांत शिरलो, त्यांचं आडनाव मला येत नव्हतं. मी पटल्यांकडे पाहिलं.